सक्करदऱ्यापर्यंतचा रस्ता

उमरेडहून निघालेली एसटी दिघोरी मागे टाकून नागपूर शहरात शिरते, तेव्हा सक्करदरा चौकाच्या परिसरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय लागते. ज्या रस्त्यावर ही संस्था उभी आहे त्या रस्त्याचे नावच उमरेड मार्ग. उमरेड, कुही, भिवापूर या भागांतील रुग्ण या मार्गाने येतात, तपासून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. उमरेडचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. परंतु याच तालुक्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने रुग्ण म्हणून न येता विद्यार्थी म्हणून या इमारतीत पाऊल टाकावयाचे ठरविले, तर हा रस्ता किती लांब होतो याचा हिशेब करण्याची वेळ आली आहे. दरवर्षी प्रवेशाचा हंगाम येतो, गुणवत्तायाद्या लागतात, पालकांची धावपळ होते आणि जागा भरल्या की सर्व काही शांत होते. शांततेच्या या काळातच प्रश्नाचा विचार केलेला बरा.

आयुर्वेदाचार्य ही पदवी आज साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाचे आंतरवासितेचे काम यांनंतर मिळते. तिच्या दारावर जी परीक्षा उभी आहे ती वैद्यकाच्या सर्व शाखांना समान अशी ‘नीट’. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यांतले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. २०२५ साली या परीक्षेस देशभरातून २२ लाखांवर विद्यार्थी बसले आणि १२ लाखांवर पात्र ठरले. पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत जे अंतर आहे त्यात बहुतेक घरांची झोप उडते. शासकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या, शुल्क माफक आणि रुग्णालय चालते असल्यामुळे तेथे गर्दी सर्वाधिक. अनुदानित संस्था त्याखालोखाल. तेथे नाव लागले नाही तर विनाअनुदानित महाविद्यालयाची वाट, आणि ती वाट शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगाराला कोठपर्यंत पेलेल हे सांगावयास नको.

पूर्वीची व्यवस्था आदर्श होती असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळण्याच्या काळात परीक्षा केंद्रांवर काय चालत असे हे अनेक शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले, देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७ साली शासनाला देणगीशुल्क प्रतिबंधक कायदा करावा लागला. त्या बाजारात आयुर्वेदाचीही दुकाने होती. पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली, नंतर राष्ट्रीय परीक्षा आली. या प्रत्येक पायरीवर मधल्या दलालाची जागा काही अंशी आकुंचित झाली. गुणवत्तायादी आज कोणालाही पाहता येते, आपल्यापुढे कोण आहे आणि मागे कोण आहे हे कळते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पालकाला एवढेही भाग्य नव्हते. ही जमेची बाजू प्रथम मान्य केली पाहिजे, नाहीतर पुढची टीका अप्रामाणिक ठरेल.

आयुर्वेदाला ही परीक्षा हवी कशाला, असा युक्तिवाद करणारेही थोडे नव्हते. त्यात परंपरेचे अभिमानी होते तसे रिकाम्या जागांच्या काळजीने व्याकूळ झालेले संस्थाचालकही होते. पंजाबातील विनाअनुदानित आयुर्वेद महाविद्यालयांच्या संघटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने किमान पात्रतेची अट उचलून धरली. जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रता खाली आणा, हे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. त्याच वर्षी संसदेने भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि सामाईक प्रवेश परीक्षा कायद्यातच घातली गेली. हा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. ज्याच्या हाती माणसाची नाडी द्यावयाची त्याला निदान शरीर आणि रसायन यांची ओळख असावी, हे चरक-सुश्रुतांनाही अमान्य झाले नसते. शिष्य कसा निवडावा यावर त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे.

येथवर ठीक. परंतु किमान पात्रतेची चाळणी ही एक गोष्ट आणि एका दुपारच्या गुणांवर लाखो मुलांची उतरंड लावणे ही दुसरी. पहिली गोष्ट रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. दुसरीत मात्र पैसा, गाव, भाषा आणि मोकळा वेळ या सर्वांचा हिशेब गुपचूप मिसळलेला असतो.

उमरेडसारख्या गावातून पाहिले म्हणजे हे स्पष्ट दिसते. हे काही आडवळणाचे खेडे नव्हे. कोळशाच्या खाणी आहेत, मिरचीची मोठी उलाढाल आहे, विणकरीची जुनी परंपरा आहे, विज्ञान शिकविणारे महाविद्यालयही आहे. शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहेत, मुले हुशार आहेत. तरीही दहावीला चांगले गुण मिळालेल्या मुलाचे पहिले पाऊल नागपूरकडे पडते, कारण शिकवणी वर्ग तेथे आहेत. मग एक विलक्षण प्रकार घडतो. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असते आणि मूल दिवसभर दुसरीकडेच शिकत असते. हजेरीपट भरलेला, वर्ग रिकामा. ही व्यवस्था सर्वांना ठाऊक आहे, सर्वांच्या सोयीची आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ज्या प्राध्यापकाने आयुष्यभर जीवशास्त्र शिकविले त्याने अकरावीच्या वर्गात चार मुले पाहून काय समजावे?

ज्याला खोली घेऊन राहणे परवडत नाही तो रोज ये-जा करतो. नागपूर-नागभीड मार्गावरची छोटी गाडी एके काळी या भागाचा आधार होती. रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली, तेव्हापासून भार एसटीवर आला. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले. या एका निर्णयाने खेड्यातल्या किती मुलींचे शिकणे तगले असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण ती करण्यासारखी आहे. तरी रोजचे तीन तास रस्त्यात जातात. वर्षाचे तास काढले तर शहरातल्या मुलाला मिळालेला तो एक जादा अभ्यासक्रमच होय.

बरे, एका प्रयत्नात यश आले तर आले. न आल्यास दुसरे वर्ष, कधी तिसरे. तमिळनाडू शासनाने २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हेच निदर्शनास आणले की, राष्ट्रीय परीक्षा आल्यानंतर प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण फार वाढले आणि ग्रामीण व गरीब घरांतली मुले मागे पडली. दुसऱ्यांदा परीक्षेस बसणे याचा अर्थ घरात एक कमावता हात वर्षभर थांबविणे. खाणीत काम करणाऱ्या बापाला ते एक वेळ जमेल, हातमागावर किंवा शेतात राबणाऱ्याला जमेलच असे नाही. मुलीच्या बाबतीत तर ‘आणखी एक वर्ष’ या शब्दांचा घरात वेगळाच अर्थ लावला जातो.

भाषेचा प्रश्न मनोरंजक आहे आणि तितकाच खिन्न करणारा आहे. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. परंतु ती निवडणाऱ्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे जात नाही, कारण अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते, शिकवणी इंग्रजीतून, पुस्तके इंग्रजी. मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा दोन वर्षे परिभाषेशी झुंजतो. आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच वर्षी त्याच्यापुढे काय येते? संस्कृत, पदार्थविज्ञान, अष्टांगहृदयाचे सूत्रस्थान! हे पदार्थविज्ञान म्हणजे भौतिकी नव्हे. द्रव्य, गुण, कर्म यांचा विचार करणारे दर्शनशास्त्र. ज्या शब्दांसाठी त्याला मराठी सोडावयास लावली, ते वात, पित्त, कफ, अग्नी, अजीर्ण, पथ्य हे शब्द त्याच्या आजीच्या तोंडी रोज होते. ‘अंगात वात शिरला’, ‘पित्त उसळले’ असे म्हणणाऱ्या समाजातला विद्यार्थी आयुर्वेदाकडे इंग्रजी बहुपर्यायी प्रश्नांच्या पुलावरून जातो. परीक्षेत आयुर्वेदाविषयी एक अक्षर नसते. ते असावेच असा आमचा आग्रह नाही. असते तर त्याचीही शिकवणी निघाली असती.

यातूनच दुसरा दोष उद्भवतो. बहुसंख्य मुलांच्या विकल्पयादीत आयुर्वेद पहिला नसतो. ॲलोपॅथीची जागा थोड्या गुणांनी हुकते, दंतवैद्यकाचे शुल्क पेलत नाही, मग आयुर्वेद. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या पुढे सरकल्या की आयुर्वेदात दाखल झालेली काही मुले जागा सोडून जातात, त्या जागा पुन्हा भरावयाच्या, म्हणून या शाखेच्या फेऱ्या महिनोन्महिने रेंगाळतात. जूनमध्ये निकाल लागलेला विद्यार्थी दिवाळी उलटली तरी कधी कधी वर्गात नसतो. आणि एकदा वर्गात बसला की त्याला पाच वर्षे ‘आपण दुसरे’ या जाणिवेत काढावी लागतात. याचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. समाजाने आणि शासनाने या शास्त्राला जी पायरी दिली तीच ती पाहत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या प्रकरणात दोन्ही शाखांच्या डॉक्टरांचे काम सारखे नाही, म्हणून वेतनही सारखे मागता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याचा कायदेशीर तर्क काहीही असो, तो निकाल बारावीच्या मुलानेही वाचलेला असतो.

आणि तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचे बरेचसे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत बसणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारी याच वर्गातून पुष्कळ घेतले गेले. रात्री दोन वाजता कुहीच्या पलीकडच्या गावात सर्पदंशाचा रुग्ण निघाला तर त्याच्याजवळ प्रथम पोहोचणारा पदवीधर बहुधा हाच असतो. म्हणजे आयुर्वेद महाविद्यालयात कोणाला प्रवेश मिळतो हा प्रश्न केवळ त्या विद्यार्थ्याच्या भवितव्याचा राहत नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे तालुक्याच्या आरोग्याचा तो प्रश्न होतो. आपल्या तालुक्यातला मुलगा वैद्य झाला तर तो तालुक्यात परत येण्याचा संभव शहरी मुलापेक्षा अधिक, हे सांगण्यास आकडेवारीची गरज पडू नये.

आता कागदपत्रांकडे वळू. या विषयाकडे अग्रलेखांचे लक्ष फारसे जात नाही. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मात्र तो रोज दिसतो. अधिवासाचा दाखला, राष्ट्रीयत्वाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची वैधता, उन्नत गटात न मोडण्याचा दाखला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत अशा घराने तो कोठून आणावा? मग जुन्या दाखल-खारीज नोंदींचा शोध, कोतवाल बुकाचे उतारे, शाळेच्या जीर्ण रजिस्टरातले एखादे पुसट अक्षर. ज्या घरात तीन पिढ्या शिकल्या त्याला हे पुरावे पेटीत मिळतात. ज्याच्यासाठी आरक्षण आहे त्यालाच ते मिळत नाहीत, हा या व्यवस्थेतला क्रूर विनोद म्हणावा लागेल.

उमरेडच्या विणकर वस्तीला तर या कागदाचा इतिहास कडवट आहे. विदर्भातील कोष्टी समाजाने हलबा या अनुसूचित जमातीचा केलेला दावा अनेक वर्षे कचेऱ्या आणि न्यायालये यांमधून फिरला. १९८५-८६ साली वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की राष्ट्रपतींच्या यादीतील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे, तिच्यात कोष्टींचा समावेश करता येणार नाही. त्या विद्यार्थ्याची पदवी मात्र न्यायालयाने काढून घेतली नाही. प्रवेशापासून निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली. तोवर विद्यार्थी डॉक्टर होऊन चुकला होता. पुढे ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवैध दाखल्यावर मिळालेल्या लाभांना संरक्षण देता येणार नाही अशी कठोर भूमिका घेतली. खऱ्या आदिवासींच्या जागांचे रक्षण झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण दाव्याचा निर्णय विद्यार्थी अकरावीत असतानाच लागला तर कोणाचेच आयुष्य टांगणीला लागणार नाही. पडताळणी समित्यांपुढे अर्ज पडून राहतात, प्रवेशाची तारीख उजाडते, शासन वेळोवेळी मुदत वाढविते, आणि मुदतवाढ म्हणजे न्याय अशी सर्वांची समजूत होते.

विनाअनुदानित महाविद्यालयांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांविषयी लिहावे तितके थोडे. चांगल्या संस्था आहेत. तेथे रुग्ण येतात, शिक्षक शिकवितात. पण केवळ तपासणीच्या दिवशी भरणाऱ्या रुग्णालयांची आणि कागदावरच्या अध्यापकांची चर्चा या क्षेत्रात जुनी आहे. संस्थास्तरीय १५ टक्के जागांचे शुल्क नियमित शुल्काहून कितीतरी अधिक. २०२४ च्या जुलैमध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ केले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र ज्या रुग्णालयात रुग्णच नाही तेथे फुकट शिकूनही मुलीच्या हाती काय येणार? विकल्प भरण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाचे अध्यापक किती, गेल्या वर्षी आंतररुग्ण किती, परवानगी कोणत्या अटीवर मिळाली, हे मराठीत एका पानावर विद्यार्थ्यापुढे ठेवणे शासनाला अशक्य आहे काय?

प्रादेशिक वाट्याचाही प्रश्न आहे. वैद्यकीय प्रवेशांत ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना, हे सूत्र २०२० साली रद्द झाले. मराठवाड्याची तक्रार खरी होती; तेथे महाविद्यालये कमी आणि स्पर्धक अधिक. म्हणून ‘एक राज्य, एक गुणवत्ता’ हे तत्त्व स्वीकारले गेले. परंतु विभाग ही फार ढोबळ मोजपट्टी होती, म्हणून मोजपट्टीच नको, हे अनुमान बरोबर नाही. नागपूर शहरातला विद्यार्थी आणि भिवापूरजवळच्या खेड्यातला विद्यार्थी दोघेही विदर्भाचे, पण त्यांच्यातले अंतर नागपूर आणि लातूर यांच्यातल्या अंतराहून मोठे आहे.

याचे उत्तर देशात एका राज्याने शोधले आहे. तमिळनाडूने २०२० साली कायदा करून वैद्यक, दंतवैद्यक, भारतीय वैद्यक आणि होमिओपॅथी या चारही शाखांत शासकीय शाळांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. पात्रतेची परीक्षा सर्वांना तीच. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणासही प्रवेश नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. महाराष्ट्राने याच धर्तीवर आयुर्वेदापासून आरंभ करावा. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेतून दहावी आणि तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेल्यांना शासकीय व अनुदानित आयुर्वेद महाविद्यालयांत काही जागा द्याव्यात; त्याच्या मोबदल्यात पदवीनंतर दोन-तीन वर्षे ग्रामीण केंद्रात सेवा घ्यावी. गुणवत्तेचा बळी जाईल अशी ओरड होईल. तिला उत्तर एवढेच की पात्रतेची रेषा कोणी पुसलेली नाही, आणि त्या रेषेच्या वर दहा-वीस गुण कमी असलेल्या मुलाने नाडी पाहण्यात चूक केली असे कोणी दाखवून दिलेले नाही. शिवाय असा कायदा झाला की तालुक्याच्या महाविद्यालयातला रिकामा वर्ग आपोआप भरू लागेल, कारण तेथे शिकण्याला काही किंमत येईल.

२०२४ साली या परीक्षेची जी शोभा झाली ती ताजीच आहे. प्रश्नपत्रिका फुटल्याची चौकशी बिहार-झारखंडपासून लातूरपर्यंत पोहोचली, १५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले, आणि २३ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी नाकारली. त्या दोन महिन्यांत प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या खेड्यातल्या मुलामुलींच्या मनाचे काय झाले असेल ते त्यांच्या शिक्षकांना विचारावे. त्यानंतर सर्वत्र चर्चा झाली ती परीक्षा चोख कशी घ्यावी याची. परीक्षेच्या आधीच्या दोन वर्षांविषयी कोणी बोलले नाही.

कायद्याला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. दोन गोष्टी मात्र उमरेडच्या पातळीवर, येत्या सत्रापासून होऊ शकतात. एक, अकरावीच्या प्रवेशअर्जाबरोबरच जातवैधतेचा अर्ज भरून घेण्याची जबाबदारी कनिष्ठ महाविद्यालयाने घ्यावी आणि दाखल-खारीजच्या जुन्या नोंदी शोधून देण्यासाठी तहसील कचेरीने आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. दुसरी, गावातल्याच जीवशास्त्र, रसायन व भौतिकीच्या प्राध्यापकांनी सकाळच्या वेळी परीक्षेची तयारी करून घ्यावी. त्याचे मानधन नगरपालिकेने किंवा कोळसा खाणींच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून द्यावे. शिक्षक येथे आहेत, खोल्या रिकाम्याच आहेत, आणि सकाळची पहिली गाडी चुकली म्हणून अभ्यास बुडण्याचा प्रश्न उरणार नाही.